जंगल सफारीतून निघालेल्या जिप्सीचं स्टीयरिंग साठच्या पुढे थडथडतं, स्टीयरिंग बॉक्स बदलू का?

थांबा, बॉक्सवर (स्टीयरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्यावर) इतक्यात पैसे घालू नका. तुम्ही लिहिलंय की ही २००८ ची जिप्सी ताडोबातल्या मोहर्लीकडच्या एका सफारीवाल्याकडून घेतली, नागपूरला आणताना साठच्या पुढे खड्डा लागला की स्टीयरिंग हातातून निसटेल इतकं थडथडलं, आणि गॅरेजवाला म्हणतो बॉक्स गेला. माझीही गाडी ताडोबात राबलेलीच. जंगलात गाडी रांगत चालते, त्यामुळे पुढचा ॲक्सल किती खिळखिळा झालाय ते तिथे कोणाला कळतच नाही. हायवेला लागली की सगळं बाहेर येतं.

बॉक्समध्ये प्ले, म्हणजे सैलपणा, असला तर गाडी भरकटते, सारखं सावरत बसावं लागतं. खड्ड्यानंतर सुरू होऊन वेग उतरेपर्यंत न थांबणारी थडथड बहुतेक वेळा खालची, म्हणजे पुढच्या ॲक्सलची आणि सांध्यांची, असते. टायरची हवा आणि बॅलन्सिंग आधी बघून घ्या, स्वस्तातलं काम आहे. मग गाडी जमिनीवरच ठेवून एकाला स्टीयरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली शिरून ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) यांच्या प्रत्येक सांध्यावर हात ठेवा. झिजलेला सांधा बोटांना लगेच कळतो.

आता पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, आणि चाक वर-खाली धरून हलवा. खटखट आली तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. खटखट थांबली तर व्हील बेअरिंग. राहिली तर किंगपिन, म्हणजे चाक डावी-उजवीकडे वळतं ती खुंटी. माझी राहिली होती.

किंगपिनची बेअरिंगं वर एक, खाली एक. खालचं आधी जातं, कारण नकलचं (ॲक्सलच्या टोकाला चाकाबरोबर वळणाऱ्या भागाचं) सील फाटलं की पाणी आणि चिखल तिथेच साचतो. माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या बेअरिंगचा पिंजरा तुकड्यातुकड्यांनी निघाला. गाडी जास्त वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलरचे वळ कपवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, एकाच जागी उमटतात. म्हणून नुसती बेअरिंगं बदलून जुने कप ठेवायचे नाहीत. कप ठोकून काढा, चारही जागी नवा सेट घाला. पिनखालच्या शिम (पातळ चकत्या) कुठल्या बाजूच्या, वरच्या की खालच्या, ते खडूने लिहून ठेवा. सील सगळी नवीन, आतलं ॲक्सल सीलसुद्धा, नाहीतर डिफरन्शियलचं तेल येऊन ग्रीस पातळ होतं.

जोडताना बहुतेक मिस्त्री अंदाजाने आवळतात. तसं करू देऊ नका. टायरॉड सुटा असताना, नकलचं सील बसवण्याआधी, नकलवरच्या टायरॉडच्या भोकात ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवून ओढा. १ ते १.८ किलोच्या दरम्यान नकल हलायला लागली पाहिजे. सैल वाटली तर शिम काढा, जड वाटली तर घाला.

टायरॉड एंड (टायरॉडच्या टोकाचा सांधा) काढताना त्याच्या स्टडच्या, म्हणजे आटे असलेल्या खुंटीच्या, टोकावर हातोडा मारू नका, आटे जातात. नकलच्या डोळ्यावर बाजूने दोन ठोके द्या, सुटतो. एंड बदलले की टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असतात ते माप) लावून घ्यावंच लागतं. स्प्रिंगच्या पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्या चॅसीला जोडणाऱ्या कड्यांचे) रबरी बुश बदललेत तर बोल्ट हातानेच लावा आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पीळ खाऊन महिन्याभरात फाटतं. आधीच्या मालकाने उंचीसाठी लांब शॅकल घातलेत का तेही बघा. त्याने कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो, मग वळणावरून स्टीयरिंग आपसूक सरळ येत नाही आणि थडथडीला निमित्त मिळतं.

स्टीयरिंग डॅम्पर (स्टीयरिंगची थडथड दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर) घाला, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मी घातला होता. पाच-सहा महिने गाडी छान चालली, पण थडथड नुसती झाकली गेली आणि तेवढ्यात आत किंगपिनच्या बेअरिंगचा भुगा झाला.

एवढं करूनही प्ले उरला तर बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू पाव आटा फिरवून बघा, चाकं अगदी सरळ ठेवून. जास्त आवळलात तर स्टीयरिंग मधोमध अडकायला लागेल. आणि कॅसल नटांना (खाचा असलेल्या नटांना) ते सुटू नयेत म्हणून लागणाऱ्या स्प्लिट पिना नव्या घाला, जुन्या सरळ करून पुन्हा घालण्याची सवय गॅरेजात फार आहे.