प्रशिक्षणाचा आराखडा वाचल्यावर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कोविडची वर्षे शाळेत काढून आता महाविद्यालयात आलेल्या मुलांना आध्यात्मिक बुद्धिमत्तेचे, म्हणजे आयुष्याच्या अर्थाविषयी विचार करण्याच्या क्षमतेचे, आठ आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्यामुळे त्यांची मानसिक लवचिकता, म्हणजे संकटातून सावरण्याची ताकद, वाढते का ते पाहायचे, हा तुझा आराखडा मी लक्षपूर्वक वाचला. विषय चांगला आहे; मात्र हवा तो निष्कर्ष हाती यावा, अशी सोय तू नकळत आधीच करून ठेवली आहेस.

लवचिकतेसाठी तू कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ सालची २५ विधानांची मापनश्रेणी निवडली आहेस. कधी कधी दैव किंवा देव मदतीला येतो आणि घडणाऱ्या गोष्टींमागे काही कारण असते, अशा आशयाची दोन विधाने तिच्यात आहेत. आठ आठवडे आयुष्याच्या अर्थाविषयी बोलल्यावर त्या दोन विधानांवरचे गुण वाढले, तर त्यात नवल ते काय? ती वगळूनही फरक उरतो का, हे स्वतंत्रपणे तपास. बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडणाऱ्या हॉवर्ड गार्डनर यांनी आध्यात्मिक बुद्धिमत्तेला आपल्या यादीत जागा दिली नाही, हा मुद्दा परीक्षक काढतीलच. त्यावर एक परिच्छेद पुरे.

त्याहून मोठी अडचण तुलनागटाची, म्हणजे हे प्रशिक्षण न घेणाऱ्या मुलांच्या गटाची आहे, कारण तुझ्या आराखड्यात त्या गटाला काहीच मिळत नाही. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हा खडतर परिस्थितीतूनही नीट उभ्या राहिलेल्या मुलांना बहुधा मायेचे, भरवशाचे एखादे तरी मोठे माणूस लाभले होते, असे दिसले. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा मित्र, शिक्षक, मैदान असे नेमके हेच रोजचे आधार तुटले. त्यामुळे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी कोणी आपली वाट पाहते, एवढ्यानेही मुले सावरतील आणि श्रेय मात्र तुझ्या अभ्यासक्रमाला जाईल. म्हणून तुलनागटालाही तितकीच सत्रे दे. त्यात वाचन असो वा नुसत्या गप्पा, अर्थचिंतन आणि ध्यान तेवढे नको.

सत्रांचा क्रमही बदल. अभ्यासक डेव्हिड किंग यांनी आध्यात्मिक बुद्धिमत्तेच्या ज्या चार क्षमता मांडल्या, त्यांत अस्तित्वाविषयी चिकित्सक विचार करणे ही पहिली आणि वैयक्तिक अर्थ घडवणे ही दुसरी आहे. तू मात्र दुसऱ्याच आठवड्यात ‘महामारीने मला काय शिकवले’ असा, थेट अर्थ घडवायला लावणारा निबंध ठेवला आहेस. ज्यांना घरच्या माणसाचे अंत्यदर्शनही मिळाले नाही अशी मुले त्या वर्गात असू शकतात, आणि त्यांच्याकडे शिकवणीचा हिशेब मागणे मला निर्दयपणाचे वाटते. आधी त्यांना ‘असे का झाले’ हे विचारू दे, रागावू दे, उत्तर न देता बसू दे. ज्याची झोप उडाली आहे किंवा जो जीव देण्याची भाषा करतो, त्याला प्रशिक्षणात गुंतवून न ठेवता त्याच दिवशी समुपदेशकाकडे ने. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सर्वांना पहिल्याच सत्रात दे.

‘आध्यात्मिक’ म्हटल्यावर काहींना धर्मप्रचाराची शंका येईल, आणि ती गैर नाही. ध्यानाच्या सत्रातून कारण न सांगता उठून जाता येईल, हे संमतिपत्रात स्पष्ट लिही आणि नैतिकता समितीकडे देण्याआधी मसुदा मला पाठव.

तुझी मार्गदर्शक