राणीच्या बागेतलं म्युझियम : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. निम्मी पत्रं बागेतल्या पेंग्विनबद्दल विचारणारी होती. ती बाजूला ठेवली आहेत, पेंग्विन माझ्या अखत्यारीत येत नाहीत. उरलेल्यांतले काही प्रश्न इथे घेते. मी कलासमीक्षक नाही. उभी नोकरी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. लालबागहून हे म्युझियम चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून दरवर्षी पोरांची रांग घेऊन तिथेच जायचे. उत्तरं त्या बेताची समजा.

दोन मुलं आहेत, आठ आणि अकरा वर्षांची. राणीच्या बागेत जाणारच आहोत. पण म्युझियममध्ये दोघं अर्ध्या तासात कंटाळतील असं वाटतं. नेमकं काय दाखवू? — एक आई, डोंबिवली

आधी म्युझियम, मग प्राणी. उलटं केलंत तर पोरांचे पाय दुखलेले असतात आणि तुमचं डोकं.

आत शिरण्याआधी बाहेरचा दगडी हत्ती दाखवा. हा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली, तोच. १८६४ मध्ये त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली, हत्ती आपटला आणि त्याचे तुकडे झाले. मग विलायत राहिली बाजूला, तुकडे या बागेत येऊन पडले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. मुलांना जोड कुठे कुठे दिसतात ते शोधायला सांगा. तेवढ्यात तिकिटं काढून होतात.

आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट नको. माझ्या वर्गाला मी दोनच गोष्टी द्यायचे. पहिली, सावंतवाडीच्या गंजिफा. मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून दिसल्या नाहीत तर तिथल्या माणसाला विचारा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग गुळगुळीत दगडाने घोटाई, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, वामनाच्या पत्त्यांवर कमंडलू. आता मुलांना आवडेल अशी गंमत. खेळ दिवसा असेल तर सुरुवात रामाकडून, रात्री असेल तर कृष्णाकडून. शिवाय राजा-प्रधानाच्या खाली पाच अवतारांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा, म्हणजे अर्धा डाव उलटाच चालतो. अकरा वर्षांच्या मुलाला हा नियम एकदा सांगून बघा, घरी येईपर्यंत तो तुमचं डोकं खाईल.

दुसरी गोष्ट पहिल्या मजल्यावर. जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आणि त्यांची पागोटी. कोणाची पगडी कशी, घडी कुठे पडते, शेमला, म्हणजे पागोट्याचं मोकळं टोक, कुठे सुटतो, हे करणाऱ्याने बारकाईने पाहिलेलं आहे. मुलांना दोन पगड्यांमधला फरक शोधू द्या. मोठ्यांनी मात्र जरा दुसऱ्याही नजरेने बघावं. माणसांचे असे नमुने करून कपाटात ओळीने मांडायची हौस साहेबाची होती, कोण कुठल्या जातीचा ते एका नजरेत कळावं म्हणून. कारागिराचा हात अप्रतिम आहे. मांडणाऱ्याचा हेतू तितका निर्मळ नव्हता.

त्याच मजल्यावर पारशांच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या बुरुजाची, प्रतिकृती आहे. मुलं विचारतीलच, उत्तर तयार ठेवा.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे चांगलं नाव होतं. ते बदलून डॉक्टरचं नाव का दिलं? डॉक्टरांचा म्युझियमशी संबंध काय? — एक ज्येष्ठ वाचक, दादर

संबंध पहिल्यापासूनचा आहे, काका. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. कुष्ठरोगावर औषध शोधणारे, शिलालेख वाचणारे, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले. म्युझियम उभं करणाऱ्या समितीत नाना शंकरशेठ होते, तसेच भाऊही होते. वर्गणीसाठी दारोदार फिरणं, बैठका, पत्रव्यवहार ही कामं अशा माणसांनी केली म्हणून इमारत झाली.

आणि ती सरळ झाली नाही. पहिला संग्रह फोर्टातल्या बराकीत होता. १८५७ चं बंड झालं, लष्कराला जागा हवी झाली आणि वस्तू बाहेर निघाल्या. पुढे १८६२ मध्ये इथे पायाभरणी झाली. त्या वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव होता, मुंबईकडे पैसा वाहत होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि वर्गणीदारही बुडाले. काम रखडलं, अखेर सरकारने हात दिला, आणि लोकांसाठी दरवाजे उघडले ते २ मे १८७२ रोजी. नाव बदललं १९७५ मध्ये. राणी आणि तिचा नवरा यांच्या नावाने जगात पुष्कळ इमारती आहेत. भाऊंच्या वाट्याला ही एक आली, तर तक्रार कशाला? अल्बर्टसाहेबांचा पुतळा अजून आत उभा आहे, त्यांना कोणी हलवलेलं नाही.

मी प्रॉडक्ट डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी या म्युझियमवर लिहून आणायला सांगितलंय. मला तिथे फुलदाण्या आणि पेट्याच दिसल्या. यात डिझाइन कुठे आहे? — एक विद्यार्थी, भांडुप

अरे बाळा, फुलदाण्या आणि पेट्या हेच डिझाइन आहे. तुला काय मोबाइलचं कव्हर अपेक्षित होतं?

आधी हा संग्रह कशासाठी जमवला ते बघ. १८५५ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. मुंबई इलाख्यात काय काय बनतं ते तिकडे पाठवायचं होतं, तेव्हा प्रत्येक चांगल्या वस्तूचा एक नमुना इथे मागे ठेवायचं ठरलं. म्हणजे म्युझियमची सुरुवातच नमुन्यांच्या वहीसारखी झाली, कुठे काय बनतं, कशाचं बनतं, विकलं जाईल का. देवळातली मूर्ती बघतो तसं हे बघायचं नसतं. बनवण्याचा क्रम उलटा उलगडत बघायचं.

सादेली कामाची पेटी शोध. तिला मुंबई पेटी असंही म्हणतात. हे काम इराणातून सिंध, सुरत असं करत मुंबईत आलं. झाकणावर बारीक चांदण्यांची नक्षी असते. लांबून वाटतं, कोणीतरी एकेक चांदणी बसवली असेल. तसं नाही. हस्तिदंत, शिसवी, चंदन, कथील यांच्या त्रिकोणी-चौकोनी लांब काड्या करायच्या, चांदणी जुळेल अशा सरसाने एकत्र चिकटवून त्यांची जुडी बांधायची आणि ती आडवी कापायची. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तीच गुंडाळी दिसते, तसंच हे. त्या पातळ चकत्या मग लाकडावर डकवायच्या. एकदा जुडी जमली की नक्षी पाहिजे तेवढी. कमी वेळात, कमी मालात, हुबेहूब सारखा माल. तुझे सर वर्गात ज्याला मास प्रॉडक्शन म्हणतात ते हेच, फक्त करवतीने केलेलं. काचेला नाक लावून दोन चांदण्यांमधली रेघ बघ, चकत्या कुठे जुळवल्या ते कळेल.

मग मुंबई पॉटरीकडे जा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी नावाच्या मास्तरांनी १८७० च्या दशकात कुंभारकाम सुरू केलं. झिलईचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाचं, काम जाणणारे कारागीर सिंधमधले. त्याच सुमारास तिथल्याच ग्रिफिथ्स मास्तरांच्या हाताखाली जे. जे.चे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या आकृत्या उतरल्या फुलदाण्यांवर, आणि फुलदाण्या गेल्या परदेशी प्रदर्शनांत. गुहेतलं चित्र, सिंधचा हात, इंग्रज मास्तर, गिऱ्हाईक विलायतेचं. चांगलं-वाईट तू ठरव. मला त्यातल्या काही फुलदाण्या फारच नटलेल्या वाटतात, पण निळी झिलई बघून गप्प बसावं लागतं. मास्तरांचं नाव सापडतं, चाक फिरवणाऱ्या कुंभाराचं सहसा सापडत नाही. तुझ्या लेखात हे जरूर घाल.

आणखी एक नाव घाल, जॉर्ज बर्डवुड. पांगलेला संग्रह पुन्हा गोळा करून म्युझियम उभं करणाऱ्यांत हा गृहस्थ पुढे होता. आपल्या कारागिरीवर जीव, तिच्यावर १८८० मध्ये भलामोठा ग्रंथ लिहिला. पण भारतात ललित कला अशी नाहीच, हे मतही त्याचंच. १९१० मध्ये लंडनच्या सभेत त्याने जावातल्या एका बुद्धमूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. तुमचे हात सोन्याचे, डोक्याचं काम आमचं, असा हा हिशेब. वस्तू आणि विचार यांची फाळणी करणारी ही खोड आजही डिझाइनच्या कॉलेजांत आढळते. सरांना हे वाक्य दाखवू नकोस.

सासूबाईंकडून आलेलं काळं पानदान आहे, वर चांदीची वेलबुट्टी. म्युझियममध्ये अगदी तसंच पाहिलं. आमच्या मोलकरणीने चिंच लावून घासलं आणि काळा रंग जागोजागी उडाला. आता काय करू? — एक गृहिणी, विलेपार्ले

ते बिदरी आहे. मोलकरणीला रागावू नका. काळं भांडं घासून लख्ख करायचं, हेच तिला आपण आयुष्यभर शिकवलं.

हा काळा रंग लावलेला नसतो, म्हणून रंगाऱ्याकडे नेऊ नका. भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. ओतीव भांडं कानशीने गुळगुळीत करतात, त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरलेली रेघ दिसते. छिन्नीने खाचा पाडतात, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि सगळं परत घासून सपाट करतात. या वेळी भांडं राखाडी असतं, चांदी धड दिसतही नाही. खरी जादू शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तो लेप गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळंकुट्ट होतं, चांदीला काहीच होत नाही. कारागीर म्हणे ती माती जिभेवर ठेवून पारखतात.

म्हणजे तुमच्या पानदानावर गेली आहे ती एक पातळशी कातडी. आंबट, खारट, भांड्याची पावडर, सगळं बंद करा. मऊ सुती कापडाने पुसा, बोटभर खोबरेल तेल चोळा, जास्तीचं पुसून टाका. राहिलेला काळेपणा त्याने खुलतो. उडालेल्या जागा घरी भरून येणार नाहीत. ते काम बिदरच्या कारागिराचंच. आणि त्यात पान-सुपारी ठेवू नका आता.

जुन्या वस्तू बघायला गेलो तर मध्येच आधुनिक कलेचं प्रदर्शन. मागे एकदा तर इमारतीवर रबरी शिक्के लटकवले होते. याला कला म्हणायचं? — एक संतप्त वाचक, ठाणे

ते २०१३ चं, रीना कल्लाट यांचं काम. दर्शनी भिंतीवर कोळ्याचं भलंमोठं जाळं, आणि जाळं विणलं होतं रबरी शिक्क्यांचं. तुम्ही जवळ गेला नसाल. त्या शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची जुनी, बदललेली नावं होती. सरकारी कचेरीत ज्या शिक्क्याने नाव बदलतं, त्याच शिक्क्याचं जाळं, तेही स्वतःचं नाव बदललेल्या इमारतीवर. काळ्या घोड्यावरचा एडवर्ड राजाही १९६५ मध्ये फोर्टातून उचलून याच बागेत आणून ठेवला. नावं आणि पुतळे पुसण्यावर बोलायला याहून चांगली भिंत मुंबईत कुठली सापडली असती?

म्युझियमने २०१० पासून असे प्रयोग केले, सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया वगैरे आजच्या कलाकारांना बोलावून जुन्या कपाटांशी बोलायला लावलं. सगळंच जमलं असं मी म्हणणार नाही. काही वेळा शेजारचा मजकूर इतका जड असतो की वाचून झाल्यावर चित्र बघायचं त्राण उरत नाही. तेव्हा मजकूर सोडा आणि मान वर करा. २००३ ते २००७ या काळात वास्तुरचनाकार विकास दिलावरी आणि जुना वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या मंडळींनी हे घर दुरुस्त केलं. महापालिका आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून ते घडवलं, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. छताची वेलबुट्टी आणि खांबांवरचा सोनेरी मुलामा बघितलात तरी ठाण्याहून आल्याचं भाडं वसूल.

कोणत्या दिवशी बंद असतं? — बरेच वाचक

बुधवारी. बागही बुधवारीच बंद. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून चालत दहा-बारा मिनिटं. टॅक्सीवाल्याला म्युझियमचं पूर्ण नाव सांगू नका, राणीची बाग म्हणा.