बास गिटारवर मेजर स्केल: आकडे सोडा, बोटांचा साचा धरा

टॅब (कुठल्या तारेवर कुठे दाबायचं ते आकड्यांत लिहिलेला कागद) बघून सी मेजर वाजते, पण कागद बाजूला केला की बोटं अडतात आणि दुसऱ्या सुरापासून सुरुवात करायची तर काहीच सुचत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तुम्ही फ्रेटचे (गिटारच्या दांड्यावर आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांचे) आकडे पाठ करताय, तिथेच घोळ होतोय. सूर बदलला की आकडे बदलतात, बोटांचा साचा तोच राहतो.

मेजर स्केल म्हणजे आपले सगळे शुद्ध स्वर. सगळ्यात जाड ई तारेवर 8व्या फ्रेटला मधलं बोट ठेवा. हा सी, म्हणजे तुमचा सा. त्याच तारेवर 10व्याला करंगळीने रे. मग शेजारच्या ए तारेवर 7व्याला तर्जनीने ग, 8व्याला मधल्या बोटाने म, 10व्याला करंगळीने प. तिच्या पुढच्या डी तारेवर 7व्याला तर्जनीने ध, 9व्याला अनामिकेने नि, 10व्याला करंगळीने वरचा सा. चार फ्रेटना चार बोटं, हात जागचा हलवायचा नाही.

हाच सी ए तारेच्या 3ऱ्या फ्रेटलाही मिळतो आणि बरेच जण तिथून सुरुवात करतात. पण तिथे फ्रेट लांब लांब असतात, करंगळी ताणून मनगट दुखायला लागतं. म्हणून आधी 8व्या फ्रेटपासून, हात सरावला की 3ऱ्यापासून.

आता ग-म आणि नि-सा या जोड्या नीट बघा. दोन्हीकडे बोटं अगदी शेजारी-शेजारी पडतात, कारण तिथे एकाच फ्रेटचं अंतर आहे. बाकी सगळीकडे दोन फ्रेटचं. मेजरचा सगळा रंग या दोन जागांत आहे. त्या कानात बसाव्यात म्हणून वाजवताना तोंडाने सरगम म्हणाच, आवाज कसाही असो. तानपुऱ्याचं ॲप सी सुरात लावून ठेवलं तर चुकीचा सूर लगेच टोचतो.

बासच्या प्रत्येक दोन शेजारच्या तारांत सारखंच, पाच फ्रेटचं अंतर असतं. त्यामुळे हा साचा उचलून कुठेही नेता येतो. ई तारेच्या 3ऱ्या फ्रेटला मधलं बोट ठेवलंत की जी मेजर, ए तारेच्या 5व्याला ठेवलंत की डी मेजर. सा ई किंवा ए तारेवर हवा, म्हणजे वरचा सा गाठायला पुढे दोन तारा उरतात.

उजव्या हाताने तर्जनी आणि मधलं बोट आलटून-पालटून चालवा. डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे दाबा; मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तार खरखरते. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून एका ठोक्याला एक स्वर, आणि पुढचा स्वर येईपर्यंत आधीचा सोडू नका. अवरोहालाही तेवढाच वेळ द्या. करंगळीवरून उलटं उतरताना बोटं जास्त अडखळतात.