ग्रीन कार्डावर एक ए-नंबर, मंजुरीपत्रावर दुसरा

प्रश्न : मी २०१५ साली माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर विद्यार्थिनी म्हणून न्यू जर्सीत आले. २०१७ मध्ये ओपीटीचं (विद्यार्थ्यांच्या शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या नोकरीचं) ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, मिळालं. त्यावरचा ए-नंबर, म्हणजे परदेशी व्यक्तीचा नोंदणी क्रमांक, १ ने सुरू होतो. २०१८ मध्ये पुण्यात लग्न झालं आणि नव्या पासपोर्टात पतीचं नाव व सासरचं आडनाव आलं. पुढे पतीच्या नोकरीवरून आम्हा दोघांची आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर झाली. माझ्या ग्रीन कार्डावर ऑगस्ट २०२१ ची तारीख आहे आणि नंबर २ ने सुरू होतो. पण मंजुरीच्या आय-७९७ या पत्रावर माझा जुना, १ चा नंबर छापलाय. पतीच्या आय-१४० वर (त्यांच्या कंपनीने केलेल्या अर्जावर) तर तिसराच आहे. आता ड्रायव्हिंग लायसन्सच्या नूतनीकरणाला 'स्टेटसची पडताळणी होत नाही' म्हणून परत पाठवलं. मंडळातली मैत्रीण सांगते, चूक सरकारची आहे, आय-९० (कार्ड बदलून घ्यायचा अर्ज) भर, फी लागत नाही. मला नागरिकत्वाचा अर्जही करायचा आहे आणि डिसेंबरात पुण्याला जायचं आहे. कार्ड खरं आहे ना? काय करू?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं कार्ड बरोबर आहे आणि तुमचा दर्जाही शाबूत आहे. आय-९० मात्र आत्ता भरू नका. मैत्रिणीने सांगितलेली सवलत खरी आहे, पण ती कार्डावरच चूक असेल तेव्हाची. त्या कारणाखाली अर्ज केला की सूचनांप्रमाणे मूळ कार्डही जोडावं लागतं. म्हणजे चांगलं कार्ड हातातून जाईल, नवीन येईपर्यंत वाट पाहावी लागेल आणि डिसेंबरचा प्रवास त्यातच अडकेल.

आधी कार्डाची परीक्षा घरीच घ्या. पुढच्या बाजूला 'यूएससीआयएस#' (यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) या शीर्षकाखाली जे ९ आकडे आहेत तोच तुमचा ए-नंबर. छापताना फक्त 'ए' हे अक्षर गाळलेलं असतं. आता कार्ड उलटा. खाली यंत्राने वाचायच्या तीन ओळी असतात. पहिल्या ओळीची सुरुवात 'सी१यूएसए' अशी होते, त्याला लागून ९ आकडे, मग एक पडताळणीचा आकडा आणि त्यानंतर तीन अक्षरं व १० आकडे असा १३ खुणांचा क्रमांक. ते पहिले ९ आकडे पुढच्या बाजूशी जुळले पाहिजेत. दुसऱ्या ओळीत जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने येते आणि तिसरीत नाव. हे सगळं जुळलं तर कार्ड निर्दोष. पुढच्या बाजूची 'रेसिडेंट सिन्स' ही तारीखही याच वेळी पाहून घ्या, कारण नागरिकत्वाची पाच वर्षं तिथूनच मोजतात.

पतीच्या आय-१४० वरचा नंबर बाजूला ठेवा. तो त्यांचा स्वतःचा आहे. नवरा-बायकोची केस एकत्र चालली तरी ए-नंबर प्रत्येकाचा वेगळाच असतो, मुलांचाही. घोटाळ्यात टाकणारे आणखी दोन-तीन आकडे असतात. यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्याचा नंबर १२ आकडी असतो, त्याचा ए-नंबरशी संबंध नाही. आयओई, एलआयएन, एमएससी अशा तीन अक्षरांनी सुरू होणारा तो पावती क्रमांक. प्रत्येक अर्जाला नवा मिळतो, तो जुळायचाच नसतो. आणि जुना ए-नंबर ८ आकडी असेल तर हल्ली त्याच्या पुढे शून्य लावून ९ करतात. शून्य वाढलं म्हणजे नंबर बदलला असं नाही.

म्हणजे खरा तिढा एवढाच, की तुमच्या नावावर दोन ए-नंबर आहेत. विद्यार्थीदशेतून ग्रीन कार्डापर्यंत आलेल्या पुष्कळांचं असं होतं. ओपीटीच्या ईएडीसाठी साधारणपणे १ ने सुरू होणाऱ्या मालिकेतला नंबर देतात. पुढे कायम वास्तव्याची केस सुरू झाली की नव्या फाइलला दुसऱ्या मालिकेतला नंबर पडतो. नवा नंबर देण्याआधी जुना आहे का हे पाहायला हवं, पण तो शोध मुख्यतः नाव, जन्मतारीख आणि जन्मदेश यांवर चालतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालून पासपोर्ट काढतात, लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत तर पहिलं नावही. तिथल्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटली तर नवल नाही. ए-नंबरवर ठेवलेल्या फाइलची, म्हणजे ए-फाइलची, ही पद्धत १९४४ पासूनची आहे आणि तिचा मूळ हिशेब 'एक माणूस, एक फाइल' असाच आहे. म्हणूनच दोन फाइली निघाल्या तर त्या एकत्र करायची सोयही तिच्यात आहे.

तुमच्या बाबतीत कार्ड नव्या फाइलवरून निघालं आणि मंजुरीपत्र जुन्या नंबराखाली छापलं गेलं, असा माझा अंदाज आहे. तो ताडून बघायचा तर आय-४८५ ची भरलेली प्रत काढा. तुमचा ए-नंबर आणि पूर्वी मिळालेले इतर ए-नंबर यांची जी माहिती मागितली होती, तिथे त्या वेळी काय लिहिलं होतं ते पाहा. जुना नंबर तिथे असेल तर मंजुरीपत्रावर तो कुठून आला हे उघड आहे. रकाना रिकामा सोडला असेल तरी घाबरू नका. इमिग्रेशन कायद्यात अपात्र ठरवणारी खोटी माहिती ही जाणूनबुजून दिलेली आणि निर्णयावर परिणाम करणारी असावी लागते. सरकारनेच दिलेला, सरकारच्याच नोंदीत असलेला नंबर लिहायचा राहिला, यात लपवण्याचा हेतू सहसा कुणी काढत नाही. फक्त पुढच्या अर्जात तो न चुकता लिहायचा.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. मंजुरीपत्रासाठी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर 'ई-रिक्वेस्ट' नावाची सोय आहे. तिथे 'टायपोग्राफिक एरर' हा प्रकार निवडा. आय-४८५ चा पावती क्रमांक घाला आणि नोटिशीवर कोणता नंबर आहे, कार्डावर कोणता आहे, दोन ओळींत लिहा. कहाणी लिहू नका. त्याशिवाय कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून 'दोन्ही ए-नंबर माझेच आहेत, फाइली एकत्र करा' अशी स्वतंत्र विनंती नोंदवा. पहिला फोन उचलणाऱ्याकडे फारसे अधिकार नसतात. प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायला सांगा आणि सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तारखेसह तो टिपून ठेवा. महिना-दीड महिन्यात काहीच हललं नाही तर पाठपुरावा त्याच नंबरावर करायचा, नवी तक्रार उघडायची नाही. एकाच गोष्टीच्या चार तक्रारी झाल्या की प्रत्येक टेबलावरचा माणूस दुसऱ्याने पाहिलं असेल असं धरून चालतो.

कार्डाच्या दोन बाजूंचे आकडे आपसात जुळत नसतील किंवा जन्मतारीख चुकली असेल तरच आय-९० ची वाट धरा. तेव्हा कारण 'डीएचएसच्या चुकीमुळे माहिती चुकीची' हेच निवडायचं (डीएचएस हे यूएससीआयएसच्या वरचं खातं), मग फी नाही. चूक तुमच्याच अर्जातून आली असेल तर मात्र फी पडते. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदी अर्जाला ४६५. कार्ड पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा आणि कॉन्टॅक्ट सेंटरकडून पासपोर्टवर आय-५५१ शिक्क्याची वेळ मागून घ्या. १८ वर्षांवरील कायम रहिवाशाने नोंदणीचा पुरावा कायम जवळ बाळगायचा असा कायदा आहे. कार्ड टपालात असताना तो शिक्काच तुमचा पुरावा.

लायसन्सचं काम त्याआधी सुटू शकेल. मोटार वाहन खातं तुमचा दर्जा 'सेव्ह' नावाच्या संघीय प्रणालीतून तपासतं. खात्याच्या जुन्या नोंदीत तुमच्या ईएडीचा नंबर बसलेला असतो. कारकुनाने तोच पुन्हा पाठवला की उत्तर विद्यार्थीदशेतल्या संपलेल्या परवान्याचं येतं किंवा येतच नाही. खिडकीवर गेलात की ग्रीन कार्ड पुढे करा आणि नंबर कार्डावरूनच टाकायला सांगा. न्यू जर्सीत ओळखीचे ६ पॉइंट भरावे लागतात, त्या कागदांसोबत नाव बदलल्याचा पुरावा, म्हणजे विवाह प्रमाणपत्रही न्या. तरीही पडताळणी अडली तर परत फिरू नका. कार्डाची प्रत जोडून 'अतिरिक्त पडताळणी'साठी पाठवायला सांगा आणि सेव्हचा केस नंबर मागा. 'सेव्ह केसचेक' या संकेतस्थळावर तो नंबर किंवा ए-नंबर आणि जन्मतारीख घालून प्रकरण कुठे आहे ते घरबसल्या दिसतं. उत्तर आल्याचं दिसलं की मगच दुसरी खेप करा.

सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयातली नोंद सुधारायची राहिलीय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेकांची राहते. तुमच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर 'डीएचएसच्या परवानगीनेच कामास वैध' अशी ओळ अजून असेल तर एसएस-५ अर्ज भरून ग्रीन कार्ड दाखवा. नंबर तोच राहतो, ओळ जाते आणि नावही नवं होतं. नोकरी बदलताना याचा उपयोग होतो. नवी कंपनी ई-व्हेरिफाय (कामाचा हक्क तपासण्याची सरकारी ऑनलाइन सोय) वापरत असेल आणि नोंदी जुळल्या नाहीत तर तुम्हाला विसंगतीची नोटीस मिळते आणि दाद मागायला संघीय कामकाजाचे ८ दिवस मिळतात. तेवढ्या काळात त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही. आय-९ या नोकरीला लागताना भरायच्या फॉर्मच्या पहिल्या भागात तुम्ही कार्डावरचा ए-नंबर लिहायचा. एचआरने कागदपत्राचा क्रमांक म्हणून मागच्या बाजूचा १३ खुणांचा क्रमांक घ्यायचा. हे दोन्ही एकमेकांच्या जागी पडले की विसंगती पुन्हा उभी राहते.

नागरिकत्वाच्या अर्जाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण दोन फाइली असल्याचा खरा त्रास तिथे होतो. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचा पूर्ण इतिहास पाहावा लागतो. अर्धा इतिहास एका फाइलीत आणि अर्धा दुसरीत असेल तर दुसरी मागवेपर्यंत निर्णय लांबतो. तुमची पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात आणि एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, त्याच्या ९० दिवस आधीपासून देता येतो. ९० दिवस कॅलेंडरवर मोजा, तीन महिने धरू नका; एक दिवस आधी गेलेला अर्जही नाकारला जाऊ शकतो. ऑनलाइन फी ७१० डॉलर, कागदी ७६०. भरण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.

अर्जात ए-नंबरच्या जागी कार्डावरचाच नंबर घाला. अतिरिक्त माहितीच्या भागात जुना नंबर, तो कोणत्या ईएडीवर होता, कोणत्या नावाने आणि किती सालापर्यंत, आणि दोन्ही फाइली एकत्र कराव्यात ही विनंती, असं तीन-चार वाक्यांत लिहा. पूर्वीच्या नावांच्या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव जुन्या पासपोर्टात आहे अगदी तसं, वडिलांच्या नावासकट. 'सर्वांना माहीतच आहे' म्हणून ते नाव गाळणं ही आपल्या लोकांची नेहमीची चूक. सोबत जुन्या ईएडीची प्रत, कार्डाच्या दोन्ही बाजू, चुकीच्या नंबराचं मंजुरीपत्र, दोन्ही पासपोर्टांची पहिली व शेवटची पानं आणि विवाह प्रमाणपत्र. पुण्याचं प्रमाणपत्र नमुना 'ई' मधलं असेल. त्यातला शिक्का किंवा शेरा मराठीत असला तर त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. त्यासाठी नोटरीची गरज नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या व्यक्तीने 'भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मी ते करण्यास सक्षम आहे' असं लिहून सही केली की पुरे. फक्त ते तुम्ही स्वतः किंवा पतीने करू नये.

वेळ हाताशी आहे तोवर एक काम अजून करा. यूएससीआयएसच्या 'फर्स्ट' या ऑनलाइन सोयीतून माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे एफओआयएखाली, स्वतःच्या फाइली मागवा. अर्जात दोन्ही ए-नंबर आणि दोन्ही नावं द्या. कायद्यात २० कामकाजाचे दिवस म्हटलेत, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. आलेल्या पानांवरून दोन गोष्टी कळतील : फाइली आधीच एकत्र झाल्या आहेत का, आणि जुन्या नंबराखाली आय-२० (विद्यार्थ्याला कॉलेजकडून मिळणारा फॉर्म), ओपीटी यांच्या नोंदीत तुमच्या अर्जाशी न जुळणारी एखादी तारीख तर नाही ना. अशी तारीख निघाली तर मुलाखतीआधी वकिलाला दाखवा. हे काम दुसऱ्यावर सोपवावं असं या प्रकरणात मला तेवढ्याच एका टप्प्यावर वाटतं; बाकीचं तुम्ही स्वतः निभावू शकाल.

डिसेंबरच्या प्रवासाला यातलं काही आडवं येत नाही. विमान कंपनी आणि परतीच्या वेळी विमानतळावरचा अधिकारी कार्डामागच्या त्या तीन ओळी वाचतात, त्या जुळल्या की झालं. तिकिटावरचं नाव पासपोर्टाप्रमाणे आणि पासपोर्टावरचं नाव कार्डाप्रमाणे आहे याची खात्री करा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि मंजुरीपत्राची प्रत ईमेलमध्ये ठेवा. कार्ड पुण्यात हरवलं तर परतीच्या परवान्यासाठी आय-१३१ए घेऊन मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं, तिथे त्या प्रती कामी येतात. जुनं ईएडी सोबत नेऊ नका. दोन नंबरांची ती दोन कार्डं एकत्र हरवली तर फाइली जोडण्याचा तुमच्याकडचा मुख्य पुरावाच जाईल.