बाळाच्या हृदयातलं छिद्र रक्तातल्या एखाद्या घटकामुळे आपोआप बुजतं का?

तुम्ही विचारलंय की कळव्यात राहणाऱ्या तुमच्या बहिणीच्या दीड महिन्याच्या मुलीला टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ४ मिमीचा व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र, निघाला, डॉक्टर "थांबून बघू" म्हणाले, तर रक्तातलं काय वाढवलं म्हणजे छिद्र लवकर बुजेल, आणि रक्तगटाचा काही संबंध असतो का.

ठाण्यात माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. हा प्रश्न तिथे नेहमी येतो, आणि तो बहुधा आजीच विचारते. रक्तगटाचा काहीही संबंध नाही. व्हीएसडी बुजवणारं सिरप, रस किंवा काढाही नाही. छिद्र बुजेल की नाही हे मुख्यतः ते कुठे आहे आणि केवढं आहे यावर ठरतं.

म्हणून रिपोर्टमध्ये मिलिमीटरच्या आकड्याआधी छिद्राची जागा वाचा. 'मस्क्युलर' लिहिलं असेल तर बरं. तिथला पडदा मांसल असतो, बाळाबरोबर स्नायू वाढतो आणि लहान छिद्र चहूबाजूंनी आवळत जातं. अशी बरीच छिद्रं पहिल्या एक-दोन वर्षांत बंद होतात. 'पेरिमेम्ब्रेनस', म्हणजे पडद्याच्या वरच्या पातळ भागाजवळ असेल तर शेजारच्या ट्रायकस्पिड झडपेचा पापुद्रा छिद्राच्या कडेला चिकटत जातो. यात बुजण्याची शक्यता कमी आणि वेळ जास्त. 'इनलेट' (रक्त कप्प्यात येतं तिथे) किंवा 'आउटलेट' (रक्त बाहेर पडतं तिथे) असेल तर आपोआप बुजण्याची वाट बघू नये. आउटलेटमध्ये तर महाधमनीची झडपच छिद्राकडे ओढली जाऊन गळायला लागू शकते.

रक्ताचा खरा हात असतो तो पीडीएत, म्हणजे पोटातल्या बाळाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणाऱ्या नळीत. जन्मानंतर रक्तातला ऑक्सिजन वाढतो, वारेकडून येणारं, नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन थांबतं आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ही नळी दोन-तीन दिवसांत आवळते. प्लेटलेट तिथे चिकटून ती बंद करायला मदत करतात, असं २०१० साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं. मग कमी दिवसांच्या बाळांना प्लेटलेट चढवल्या तर? चंडीगढच्या पीजीआय रुग्णालयात तेही करून पाहिलं. २०१९ साली निकाल छापून आला: नळी लवकर बंद झाली नाही, उलट मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण वाढलं. तेव्हा प्लेटलेट वाढवायला डेंग्यूत देतात म्हणून कोणी पपईच्या पानांचा रस सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. दीड महिन्याच्या बाळाला तर थेंबभरही नको.

हिमोग्लोबिनकडे मात्र लक्ष हवं. त्याने छिद्र बुजत नाही, पण ते कमी असलं की हृदयाला जास्त राबावं लागतं. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास फुप्फुसांतला दाब उतरतो आणि छिद्रातून जास्त रक्त तिकडे जायला लागतं. नेमकं त्याच वेळी सगळ्याच बाळांचं हिमोग्लोबिन निसर्गतःच खाली येत असतं. म्हणजे तुमची भाची आत्ता या टप्प्यातच आहे. दूध पिताना कपाळावर घाम, दोन घोट घेऊन धाप लागून थांबणं, झोपेतही श्वास जोरात चालणं, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तेव्हाच. बीट-खजूर सध्या बाळाच्या आईने खावं.

छिद्र मोठं असताना "बुजेल आपोआप" म्हणत वर्षानुवर्षं काढणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होत जातात, आणि एका हद्दीनंतर छिद्र बंद करणंच बाळाला घातक ठरतं.

खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या मुलांच्या तपासणी-उपचारांच्या सरकारी योजनेच्या पथकाकडे नाव नोंदवा. अंगणवाडीताई किंवा आशाताई पत्ता देतील. (ही योजना २०१३ साली पालघरलाच सुरू झाली, तेव्हा ते आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं.) खारघरच्या सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. पुढच्या एकोला जाताना जुना रिपोर्ट आणि वजनाच्या नोंदी घेऊन जा, आणि डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नसेल तर लसी वेळेवर चालू ठेवा.