यूआरएलमध्ये फिल्टर देऊनही एपीआय (प्रोग्रामना डेटा पुरवणारी सेवा) सगळेच रेकॉर्ड परत का पाठवतो?

बहुतेक वेळा फील्डचं नाव चुकलेलं असतं. 'स्टेटस'ऐवजी 'स्टेट' लिहिलं, तर अनेक फ्रेमवर्क (एपीआय ज्यावर बांधतात तो तयार कोड) अनोळखी पॅरामीटर गुपचूप सोडून देतात आणि पूर्ण यादी येते. एपीआय तुमचाच असेल तर अशा वेळी ४०० एरर ('रिक्वेस्ट चुकीची आहे' असं उत्तर) द्या. डिलीटच्या रिक्वेस्टला हाच फिल्टर लावला असेल, तर एका टायपोमुळे सगळा टेबल साफ होईल!

परवानगी असलेल्या फील्डची यादी कोडमध्येच ठेवा. एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) प्लेसहोल्डरमधून, म्हणजे क्वेरीत मूल्यासाठी राखलेल्या जागेतून, फक्त मूल्यं जातात, कॉलमचं नाव नाही. म्हणून यूआरएलमधून आलेलं नाव थेट क्वेरीत जोडलं की इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने क्वेरीत स्वतःचा एसक्यूएल घुसवायला, दार उघडं.

आता तारखा. खरी डोकेदुखी इथेच आहे. टाइमझोनमधलं (उदा. +०५:३०) अधिक चिन्ह एन्कोड केलं नाही, म्हणजे %2B असं लिहिलं नाही, तर सर्व्हर ते स्पेस म्हणून वाचतो आणि तारीख पार्स होत नाही, म्हणजे वाचता येत नाही. स्ट्रिंग हाताने जोडू नका, लायब्ररीच्या पॅरामीटर फंक्शनला द्या. शिवाय '३१ मार्चपर्यंत' म्हणून ३१ मार्च ही नुसती तारीख दिली, की ती त्या दिवसाच्या सुरुवातीची, मध्यरात्रीची वेळ धरली जाते आणि त्या दिवसाचे जवळपास सगळे रेकॉर्ड गळतात. त्याऐवजी '१ एप्रिलपेक्षा कमी' अशी अट घाला.

नल (म्हणजे रिकाम्या, न भरलेल्या) मूल्यांसाठी मात्र वेगळा पॅरामीटर लागेल, कारण एसक्यूएलमध्ये 'बरोबर नल' ही तुलना कधीच खरी ठरत नाही.