विचारा बिनधास्त : गोल्फचा छोटा लेझर रेंजफाईंडर घ्यायचाय, कुठला घेऊ?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच वस्तूवर आलीत, हातात मावणारा, डोळ्याला लावून झेंड्यापर्यंतचं अंतर सांगणारा लेझर रेंजफाईंडर. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकलले आणि हेच घेतलं.

शिरोलीत माझी फाउंड्री आहे. कामानिमित्त पुण्याला जाणं होतं तेव्हा गोल्फ खेळून येतो, कधी या कोर्सवर कधी त्या. कॅडी, म्हणजे बॅग घेऊन बरोबर फिरणारा पोरगा, सांगेल ते अंतर धरून मारायचं आणि बॉल एकतर बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, नाहीतर ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, पार पलीकडं. आता खिशात मावेल असा रेंजफाईंडर घ्यायचा म्हणतोय. एकाच्या बॉक्सवर ८०० यार्ड लिहिलंय, एकावर १०००, एकावर १३००. जास्त यार्डवाला घेतलेला बरा का? – एक वाचक, शिरोली

दादा, तो बॉक्सवरचा आकडा सोडून द्या आधी. तो आकडा असतो चकचकीत, उजेड परत फेकणाऱ्या मोठ्या टार्गेटचा, म्हणजे रिफ्लेक्टरचा किंवा पांढऱ्या बोर्डासारख्या वस्तूचा. गोल्फचा झेंडा म्हणजे काय, एक बारीक काठी आणि वाऱ्यावर लपलपणारं फडकं. त्याच मशीनला झेंडा त्याच्या निम्म्या अंतरावर सुद्धा कधीकधी सापडत नाही. बॉक्सच्या मागं नाहीतर माहितीपत्रकात बारीक अक्षरात झेंड्यासाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघायचा. आणि खरं सांगा, आपल्याला ३०० यार्डाच्या पुढं बघायचंय तरी काय? ग्रीनवर मारायचा शॉट २०० च्या आतबाहेर असतो, १३०० यार्ड लांबचं झाड मोजून करायचं काय.

हे चालतं कसं ते थोडक्यात सांगतो म्हणजे दुकानदार फिरवणार नाही. मशीन डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड लेझरचे बारके ठोके सोडतं, बहुतेकांत ९०५ नॅनोमीटरचा लेझर असतो. ठोका जाऊन आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. एका यार्डाला जाऊन येऊन साधारण ६ नॅनोसेकंद लागतात, आता विचार करा आतलं घड्याळ किती चोख लागत असेल. म्हणून एक यार्ड इकडंतिकडं होणारच, पाव यार्डाची अचूकता वगैरे ऐकून भुलू नका, आपल्या सात नंबरच्या आयर्ननं मारलेला बॉल काही पाव यार्डात पडत नाही.

खरी परीक्षा आहे ती झेंड्याच्या मागं झाडं असतात तेव्हा. ठोके पसरत जातात, थोडे झेंड्यावर आपटतात, बाकीचे मागच्या झाडावर, आणि मशीननं त्यातला कुठला आकडा दाखवायचा हा प्रश्न असतो. गोल्फच्या मशीनमध्ये जवळच्या वस्तूला पहिला मान द्यायची सोय असते, झेंडा पकडला की बरेचसे हातात थरथरून सांगतात. ही सोय कशी चालते ते दुकानात कळत नाही, दुकानात समोरची भिंत कुठलंही मशीन मोजतं. घेतल्यावर लगेच मोकळ्या माळावर जा, बांबू रोवा, वर रुमाल बांधा, मागं पंचवीस-तीस यार्डावर झाडं असतील अशी जागा बघा आणि दीडशे पावलांवरून मोजा. मग मुद्दाम मागच्या झाडाचं अंतर घ्या. दोन्ही आकड्यांत फरक दिसला पाहिजे आणि रुमालाचा आकडा परत परत मोजला तरी एक-दोन यार्डाच्या आतच राहिला पाहिजे. उसाच्या कडेला उभं राहून हा प्रयोग करू नका, मशीन तुरेच मोजत बसेल. कोर्सवर सुद्धा समोर गवताचं पातं नाहीतर फांदी आली तर हेच होतं, तेव्हा आकडा खुळ्यासारखा कमी आला की एक पाऊल बाजूला सरकून परत घ्यायचा.

आता आकाराचं. निकॉनचा कूलशॉट २० जीटू बघा, बॅटरी सोडून साधारण १३० ग्रॅम, शर्टाच्या खिशात राहतो. पण इतकं हलकं यंत्र हातात हलतं पण जास्त, कारण ते स्थिर ठेवायला वजनच नसतं. सहापट मोठं दिसतं तसा हाताचा थरकापही सहापट मोठा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही हातांनी धरायचं, कोपरं बरगडीला टेकवायची, अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि मग बटण. हे कोल्हापूरकराला शिकवायची गरज पडू नये खरं तर, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेऊन आला त्या जिल्ह्यातले आपण. असो.

आणि बारीक आकाराचा एक तोटा, पुढची भिंग २० मिलिमीटरची असते, मोठ्यांत २४-२५ ची. दिवसा फरक कळत नाही, दिवेलागणीला शेवटचे दोन होल उरले असतील तेव्हा कळतो. आतले आकडे काळे असतील तर गर्द झाडीवर तेव्हा दिसतच नाहीत, लाल उजळणारे आकडे असतील तर सोपं जातं, पण त्याचे पैसे जास्त पडतात. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या अधूनमधून खेळणाऱ्याला नावाजलेल्या कंपनीचा साधा सहापटीचा छोटा मॉडेल पुरे. वर जे पैसे उरतील त्यात ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाऊन आपल्या कुठल्या क्लबनं, म्हणजे काठीनं, बॉल किती जातो ते एकदा लिहून काढा. मशीन १४८ म्हणालं आणि १४८ ला काय काढायचं हेच माहीत नसलं तर कॅडीच बरा की.

हो, आणि एक बघून ठेवा, सेटिंग यार्डावर आहे का मीटरवर. आपल्याकडं कोर्सवरची पाटी आणि स्कोअरकार्ड बहुतेक ठिकाणी यार्डात असतं. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, इथं एका क्लबाचा फरक सरळ पडतो. नवीन मशीन आल्यावर माहीत असलेल्या १५० च्या मार्करपाशी उभं राहून ग्रीनच्या मध्यावर धरा, लगेच कळेल.

मी आणि मिस्टर दोघंही खेळतो. मला स्लोप, म्हणजे चढउतार धरून अंतर, दाखवणारा घ्यायचाय, मिस्टर म्हणतात तो टुर्नामेंटला चालत नाही, उगाच पैसे घालवू नको. कुणाचं खरं? – एक वाचक, ताराबाई पार्क

ताई, तुमचं खरं आणि त्यांचंही निम्मं खरं. २०१९ पासून गोल्फच्या नियमात, म्हणजे नियम ४.३ मध्ये, अंतर मोजायच्या यंत्राला मुळातच परवानगी आहे, स्पर्धेच्या कमिटीला नको असेल तर तिनं स्थानिक नियम करून बंद करायचं. त्याआधी उलटं होतं, कमिटीनं परवानगी दिली तरच चालायचं. पण चढउताराचा हिशोब करून दिलेलं अंतर मात्र चालत नाही. स्लोप वापरलात तर स्ट्रोक प्लेला, म्हणजे एकूण फटके मोजून खेळता तेव्हा, दोन स्ट्रोकचा दंड, त्याच राउंडमध्ये परत वापरलात तर थेट बाद. मशीनमध्ये स्लोप आहे एवढ्यानं काही होत नाही, तो बंद ठेवला की झालं. म्हणून बाहेरून दिसेल असा स्लोपचा स्विच असलेला घ्या, बरोबरच्यांना लांबूनच कळतं, वाद होत नाही. मेन्यूत शिरून बंद करायचा असला तर गडबडीत राहून जातं. मिस्टरांना हेही सांगा की २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपला, किआवाह आयलंडवर, मोठ्या व्यावसायिकांना सुद्धा रेंजफाईंडर वापरू दिला होता, तीच स्पर्धा जी फिल मिकेल्सननं पन्नाशीत जिंकली.

आता स्लोपनं फरक किती पडतो ते बघा. बावधनचा ऑक्सफर्डचा कोर्स डोंगरावरच आहे, तिथं चढावर ५ अंशाच्या कोनात झेंडा १५० यार्डावर असला तर तो तुमच्यापेक्षा १३ यार्ड उंच असतो. मोटामोटी हिशोब असा की जेवढी उंची तेवढं अंतर वाढवायचं, म्हणजे मारायचं १६३ चं. उतारावर तसंच कमी करायचं. डोळ्याला ५ अंश म्हणजे किरकोळ वाटतात हो, क्लब मात्र एक नाहीतर दीड बदलतो.

इथंच एक फसगत होते ती सांगून ठेवतो. ऑनलाईन शोधलं की शिकारीचे नाहीतर जंगलखात्याच्या कामाचे रेंजफाईंडर स्वस्तात दिसतात आणि त्यातही कोनाचा हिशोब असतो असं लिहिलेलं असतं. तो हिशोब वेगळा. ते सरळ आडवं अंतर काढतात, त्यामुळं चढ असो नाहीतर उतार असो, आकडा कमीच होतो. वरच्याच उदाहरणात ते १४९ दाखवतील. गोल्फवाला १६३ म्हणतोय आणि हा १४९, चौदा यार्डाचा खड्डा. रायफलीच्या गोळीसाठी ते बरोबर, आपल्या उंच जाऊन पडणाऱ्या बॉलला साफ चूक. तेव्हा गोल्फ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

मी सिव्हिल इंजिनिअर. साईटवर खोलीची मापं घ्यायचा लेझर मेजर आहे, तोच वापरला तर? – कदमवाडी

नाही चालायचा भावा. तो लाल ठिपक्याचा, बहुतेक ४०-५० मीटरपर्यंतचा, उन्हात ठिपकाच दिसत नाही आणि बघायला दुर्बीण नाही. खोलीत मिलिमीटर सांगतो म्हणून मैदानात चालेल असं नाही.

वय ७२. हात थोडा थरथरतो, चष्मा आहे, दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. सकाळी फिरणं होतं म्हणून गोल्फ सोडलेला नाही. माझ्याजोगं काही आहे का? – राजारामपुरी

काका, आहे की. चित्र स्थिर करणारे मॉडेल मिळतात, निकॉनच्या कूलशॉट प्रोमध्ये ती सोय आहे, बटण दाबलं की आतलं चित्र थांबल्यागत होतं. महाग आहे आणि आकारानं थोडा मोठा, पण तुमच्याबाबतीत पैसे वसूल. नुसत्या साध्या थरथरीला ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांनी काठीला नाहीतर कार्टच्या खांबाला हात टेकवून बघावं, बरंच काम होतं.

चष्म्याचं म्हणाल तर आय रिलीफ नावाचा आकडा बघा, डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं तो. १६ मिलिमीटर किंवा त्याच्यावर असला की चष्मा काढावा लागत नाही. रबराची कड खाली दुमडता येते का तेही बघा. आणि उन्हाचा पोलराईज्ड गॉगल घालून आत बघितलं तर काही मशीनचे काळे आकडे गायब होतात, मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका, गॉगल काढा.

पेसमेकरसाठी मात्र एक गोष्ट पक्की धरा. हल्ली बऱ्याच रेंजफाईंडरच्या अंगात तगडं लोहचुंबक असतं, कार्टच्या लोखंडी दांड्याला चिकटवायला. तो छातीच्या खिशात अजिबात ठेवायचा नाही, गळ्यात अडकवायचा नाही. चुंबक नसलेलाच घेतलेला बरा, आणि घ्यायच्या आधी तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

पावसात चालतो का हो? आपल्याकडं चार महिने तेच असतंय. – कसबा बावडा

रिमझिमीत चालतो. जोरात पाऊस असला नाहीतर पन्हाळ्यावर असतं तसलं धुकं उतरलं की लेझर थेंबांवरच आपटून माघारी येतो, आठ-दहा यार्ड असलं काहीतरी दाखवतो नाहीतर नुसत्या रेघा. त्याला महागडं मशीनही फार काही करू शकत नाही. अंगावर पाणी उडालं तरी चालतंय हे सांगणारा आयपीएक्स चारचा शिक्का बघा, बुडवायला सांगत नाही कुणी. बॅटरी बहुतेकांत सीआर टू येते, छोटी जाड लिथियमची. घड्याळात आणि गाडीच्या रिमोटमध्ये चपटी असते ती वेगळी, दुकानदार तीच पुढं करतो. सीआर टू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा आणि एक जादा बॅगेत ठेवा. चार्जिंगवाला घेतलात तर हा ताप नाही, फक्त आदल्या रात्री आठवण पाहिजे.

जीपीएसचं घड्याळ घेऊ का लेझर? – इचलकरंजी

घड्याळ ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंतचं, मध्यापर्यंतचं आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर सांगतं, आडवं झाड असलं, झेंडा दिसत नसला तरी सांगतं. लेझर फक्त दिसतं तेच मोजतो, पण आज झेंडा नेमका कुठं लावलाय ते अचूक सांगतो. तुम्ही खेळता तो कोर्स त्या घड्याळाच्या नकाशात आहे का ते आधी तपासा, नसेल तर विषय संपला, लेझर घ्या.

ऑनलाईन स्वस्तात बाहेरून आलेला पीस घेतला. चार महिन्यांत आतलं चित्र धूसर झालं. विकणारा म्हणतो वॉरंटी इथं लागू नाही. – नागाळा पार्क

बिलावर भारतातल्या अधिकृत वितरकाचं नाव नसलं की हे होतं. धूसर बहुतेक आत दमट हवा गेल्यानं होतं, ते घरी उघडू नका, उघडलात की होती नव्हती तेवढी सीलही गेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पैसे देऊन दुरुस्त होईल का ते विचारा, सिरीयल नंबर पाठवा. बाकीच्यांनी स्वस्त पीस घ्यायच्या आधी वॉरंटी कोण देणार हे लेखी मागा, आणि परत करायच्या मुदतीतच वर सांगितलेला बांबूचा प्रयोग उरकून घ्या.

कव्हर फाटलं. चप्पल लाईनमधून चामड्याचं शिवून घेतलं तर कसं? – मंगळवार पेठ

झक्कास! फक्त आत मऊ कापड लावायला सांगा, कोल्हापुरी चामडं कडक असतं, भिंगाला ओरखडे पडतील. तोंडाला चेन नको, बटणाचा पट्टा ठेवा, एका हातानं उघडता आला पाहिजे. मागं बॅगेला अडकवायला वळं करून घ्या, आणि पावसाळ्यात भिजल्यावर मशीन रात्रभर त्यातच ठेवू नका, चामडं ओल धरतं, दोन्ही वेगवेगळं वाळवा.